ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, पुढे काय? मारहाणीचा खटला कोर्टात कुठे टिकतो आणि कुठे अडतो?

नोव्हेंबर २०२४. विधानसभा निवडणुकीची धामधूम नुकतीच संपली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या अनुसूचित जातीच्या एका कुटुंबाने पोलिसांत फिर्याद दिली. आपल्याला घराबाहेर लोखंडी रॉडने मारहाण झाली, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, आणि यामागचं कारण म्हणजे आपण सांगितलेल्या उमेदवाराला मत दिलं नाही, असा आरोप या फिर्यादीत होता.

मुख्य आरोपीने अटकपूर्व जामीन मागितला. सत्र न्यायालयाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मात्र फिर्याद राजकीय हेतूने आणि वाढवून दिलेली वाटली, आणि जामीन मिळाला. १ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो जामीन रद्द केला. मारहाण घराबाहेर, लोकांना दिसेल अशा जागी झाल्याचं एफआयआरमध्ये लिहिलं आहे, त्यामुळे प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं होतं.

तीन न्यायालयांनी एकच एफआयआर वाचली आणि निष्कर्ष वेगवेगळे काढले. हा निर्णय फक्त जामिनापुरता होता. आरोपी दोषी आहे की नाही, हे खटल्यातच ठरतं. पण ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात फिर्यादीतल्या दोन-चार वाक्यांना किती वजन असतं, हे त्यातून कळतं. घटना कुठे घडली? काय बोललं गेलं? कुणी पाहिलं? आरोपीला फिर्यादीची जात माहीत होती का? मारहाणीचा खटला पुढे कित्येक वर्षं याच प्रश्नांभोवती फिरत राहतो.

ॲट्रॉसिटी कायदा म्हणजे नेमकं काय?

कायद्याचं पूर्ण नाव आहे अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला.

त्याआधीही कायदा होता. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली आणि त्यासाठी १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. १९७६ मध्ये त्यात मोठे बदल झाले आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. पण त्याचा भर मंदिर, पाणवठा, हॉटेल अशा ठिकाणी होणाऱ्या भेदभावावर होता. जमिनी बळकावणं, वस्त्या पेटवणं, धिंड काढणं, मारहाण असे हिंसक प्रकार त्यात नीट बसत नव्हते. ती उणीव १९८९ च्या कायद्याने भरून काढली.

१९९५ मध्ये कायद्याचे नियम आले. २०१५ च्या दुरुस्तीने गुन्ह्यांची यादी वाढली आणि पीडितांच्या हक्कांचं एक स्वतंत्र प्रकरण कायद्यात आलं. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

हा कायदा कुणाला लागू होतो?

पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची हवी आणि आरोपी या दोन्हींपैकी कशातच मोडणारा नसावा. दोन्ही बाजू अनुसूचित जातीच्या असतील, तर मारहाणीचा गुन्हा नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली दाखल होतो.

महाराष्ट्रात इथे दोन बाबतींत गोंधळ होतो. पहिली बाब नवबौद्धांची. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचा अनुसूचित जातींमध्ये समावेश झाला आहे, त्यामुळे त्यांना या कायद्याचं संरक्षण मिळतं. दुसरी बाब भटक्या-विमुक्तांची. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमाती हा राज्याचा वेगळा प्रवर्ग आहे. त्यातल्या एखाद्या समाजाचं नाव अनुसूचित जाती किंवा जमातीच्या यादीत नसेल, तर कितीही भयंकर मारहाण झाली तरी ॲट्रॉसिटी लागत नाही.

मारहाण कोणत्या कलमात बसते?

ॲट्रॉसिटी कायद्यात मारहाणीसाठी एकच कलम नाही. जखम किती गंभीर आहे आणि मारताना काय बोललं किंवा केलं गेलं, यावर कलम ठरतं. ढोबळमानाने चार शक्यता असतात.

पहिली, जातीवरून अपमान. मारताना सर्वांसमोर जातीचं नाव घेऊन शिवीगाळ केली किंवा मुद्दाम पाणउतारा केला, तर कलम ३(१) मधली 'आर' आणि 'एस' ही उपकलमं लागतात. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

दुसरी, माणसाची विटंबना. जबरदस्तीने कपडे उतरवणं, मुंडण करणं, मिशी कापणं, तोंडाला काळं फासणं, चपलांचा हार घालणं, धिंड काढणं यासाठी कलम ३(१) मध्येच वेगळी उपकलमं आहेत. शिक्षा तेवढीच.

तिसरी, दुखापत. साधी दुखापत, जबर दुखापत, धमकी, बेकायदा जमाव, दंगल अशा गुन्ह्यांची एक यादीच २०१६ पासून कायद्याला जोडलेली आहे. पीडिताची जात माहीत असताना यातला गुन्हा केला, तर कलम ३(२)(५अ) लागतं. कागदावर ते '३(२)(व्हीए)' असंही लिहिलेलं दिसेल. शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच असते, पण खटला विशेष न्यायालयात जातो आणि पीडिताला या कायद्यातले सगळे हक्क मिळतात.

चौथी, प्राणघातक हल्ला. मूळ गुन्ह्याला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल, तर कलम ३(२)(५) लागतं. धारदार शस्त्राने जबर दुखापत करणं किंवा खुनाचा प्रयत्न हे गुन्हे यात येतात. इथे शिक्षा थेट जन्मठेप आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यामुळे जुन्या प्रकरणात ३२३, ३२४, ३२५, ३२६ ही कलमं दिसतील, तर नव्या प्रकरणात त्यांच्या जागी ११५(२), ११८(१), ११७(२) आणि ११८(२).

'एनसी' की एफआयआर?

समजा, पारावर चार लोकांसमोर एकाला जातीवरून शिव्या देत कानाखाली मारली. ओठ फुटला, बाकी मोठी जखम नाही. नेहमीच्या कायद्यात ही साधी दुखापत झाली, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. पोलीस 'एनसी' नोंदवतात, समज देतात आणि प्रकरण बहुतेक वेळा तिथेच थांबतं. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

पण जातीवरून दिलेली शिवी आणि ती ऐकणारे लोक फिर्यादीत आले, तर तोच प्रकार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरतो. मग एफआयआर होते, वरिष्ठ अधिकारी तपासाला येतो आणि समाजकल्याण विभागाला कळवलं जातं. ठाणे अंमलदाराने काय लिहून घेतलं, यावर एवढा फरक पडतो.

म्हणूनच कलम ४ मध्ये पोलिसांची कर्तव्यं स्पष्ट लिहिली आहेत. तोंडी दिलेली माहिती लिहून काढायची, सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची, योग्य कलमं लावायची आणि एफआयआरची प्रत द्यायची. ही कर्तव्यं जाणूनबुजून टाळणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीतून तशी शिफारस यावी लागते.

पोलीस ठाण्यात एफआयआर घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायालयाचा मार्ग असतो.

'लोकांसमोर' म्हणजे कुठे?

जातीवरून अपमानाच्या कलमांत सगळ्यात जास्त वाद होतो तो या मुद्द्यावर. घटना 'सार्वजनिक दृष्टिपथात', म्हणजे लोकांच्या नजरेसमोर घडायला हवी, असं कायदा म्हणतो.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक दृष्टिपथ यांतला फरक सांगितला. जागा खासगी असू शकते, पण घराचं फाटक किंवा अंगण रस्त्यावरून दिसत असेल, तर तिथे केलेला अपमान लोकांसमोरच झाला, असं मानता येतं. उलट २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही. जमिनीच्या वादात समोरची व्यक्ती केवळ अनुसूचित जातीची आहे, एवढ्यावरून ॲट्रॉसिटी लागत नाही, हेही त्यात स्पष्ट केलं.

म्हणून फिर्यादीत 'घरी येऊन शिव्या दिल्या' लिहिलं आहे की 'घरासमोर, रस्त्यावर, शेजारी पाहत असताना शिव्या दिल्या', यात फार फरक पडतो. धाराशिवच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचं बोट याच तपशिलावर होतं.

एक गोष्ट मात्र बऱ्याचदा नजरेतून सुटते. लोकांसमोर घडण्याची अट अपमानाच्या कलमांपुरती आहे. दुखापतीच्या ३(२)(५अ) आणि ३(२)(५) या कलमांना ती लागू नाही. बंद खोलीत डोकं फोडलं, तरी ही कलमं लागू शकतात.

जातीमुळे मारलं, हे सिद्ध करावं लागतं का?

दुरुस्तीआधी ३(२)(५) कलमात पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केलेला असावा, अशी अट होती. आरोपी सांगायचे, की भांडण जमिनीचं होतं, पैशांचं होतं, जुन्या वैराचं होतं. मग हत्या सिद्ध होऊनही ॲट्रॉसिटी गळून पडायची.

खैरलांजी हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पण ती हत्येसाठी. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप सिद्ध झाले नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीचं रूपांतर २५ वर्षांच्या जन्मठेपेत केलं. हत्याकांड सूडातून झालं, असं मत नोंदवत खंडपीठानेही ॲट्रॉसिटी लागू केली नाही. या निकालांवर महाराष्ट्रात मोठी टीका झाली.

२०१६ पासून 'या कारणावरून' ही अट गेली. आता पीडिताची जात आरोपीला 'माहीत असणं' पुरेसं आहे. त्यातही आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता, असं दिसलं, तर त्याला जात माहीत होती, असं न्यायालय कलम ८ नुसार गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे मग आरोपीला दाखवावं लागतं. ज्या गावात कोण कुठल्या वस्तीत राहतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे या गृहीतकाचा मोठा उपयोग होतो. मात्र २६ जानेवारी २०१६ पूर्वीच्या घटनांना जुनी अटच लागू होते.

तपास कोण करतं आणि किती दिवसांत?

ॲट्रॉसिटीचा तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हावं, असं नियम सांगतो. हवालदार किंवा फौजदाराने तपास करून वरिष्ठांनी फक्त सही केली, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. चुकीच्या अधिकाऱ्याने तपास केला, तर खटल्यातला ॲट्रॉसिटीचा भाग कोसळू शकतो आणि मारहाणीचा भाग तेवढा उरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे.

तपासात तीन कागद फार महत्त्वाचे. पहिला, फिर्यादीचा जातीचा दाखला. तो वेळेत जोडला नाही, तर मूळ मुद्दाच सिद्ध होत नाही. दुसरा, जखमेचा दाखला. हाड मोडलं, दात पडला किंवा जखमी माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही, तर ती जबर दुखापत. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. तिसरा, घटनास्थळाचा पंचनामा. जागा रस्त्यावरून दिसते का, जवळ कुणाची घरं आहेत, हे त्यातच नोंदलं जातं.

जामिनाचं काय?

कलम १८ नुसार या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन मिळत नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात ही तरतूद सैल केली. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी अशा अटी घातल्या. त्याविरोधात २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८अ आणून या अटी काढून टाकल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयानेही फेरविचारात आपले ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८अ वैध ठरवलं.

आजची स्थिती अशी, की फिर्याद वाचून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तरच अटकपूर्व जामिनाचा विचार होऊ शकतो. पण त्या टप्प्यावर न्यायालयाने पुरावे तोलत बसू नये.

जामिनाच्या सुनावणीची माहिती पीडिताला मिळायलाच हवी आणि त्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. कलम १५अ मधला हा हक्क बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

मग खटले पडतात का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. त्यातले १८,४२८, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, साध्या दुखापतीचे होते. याच वर्षी या कायद्याखाली दोषसिद्धीचं प्रमाण ३२.४ टक्के होतं. २०२० मध्ये ते ३९.२ टक्के होतं.

एक मोठं कारण म्हणजे वेळ. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होतं? कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या मरकुंबी गावात ऑगस्ट २०१४ मध्ये दलित वस्तीवर हल्ला झाला, घरं पेटवली गेली. निकाल लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये. एकाच वेळी ९८ जणांना जन्मठेप झाली, म्हणून देशभर बातमी झाली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने बहुतेकांची शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. आता अपिलाचा प्रवास आहे.

दुसरं कारण, फितूर साक्षीदार. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) खर्डा इथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाला मारहाण करून ठार केल्याचं प्रकरण गाजलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदारांनी कोर्टात जबाब फिरवले. साक्षीदार बऱ्याचदा त्याच गावात राहतो, आरोपीच्याच शेतात मजुरीला जातो आणि त्याच्याच दुकानातून उधारीवर किराणा आणतो. खटला दहा वर्षं चालला, तर त्याला दहा वर्षं तिथेच राहायचं असतं. कायदा साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय देतो. पण ते मागावं लागतं, आणि अनेकांना त्याची माहितीच नसते.

तिसरं कारण, परस्परविरोधी गुन्हे. ॲट्रॉसिटी दाखल झाली की समोरूनही चोरी, विनयभंग किंवा मारहाणीची तक्रार येते. मग दोन्ही प्रकरणं 'मिटवून टाका' असा दबाव सुरू होतो.

सुटले म्हणजे केस खोटी होती का?

ॲट्रॉसिटीचा गैरवापर होतो, हा आरोप महाराष्ट्राला नवा नाही. २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चांमध्ये कायद्यात बदल करण्याची मागणी पुढे आली होती. खोटी माहिती देणाऱ्यावर नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली कारवाई करता येते. पण निर्दोष सुटका आणि खोटी फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातीचा दाखला नाही, तपास अधिकारी चुकीचा, साक्षीदार फितूर, यातल्या कशानेही आरोपी सुटू शकतो. २०१९ च्या फेरविचार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं, की खटले पडण्यामागे सदोष तपास असू शकतो आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक खोट्या तक्रारी करतात, असं गृहीत धरता येणार नाही.

मारहाण झाल्यास काय लक्षात ठेवायचं?

१. आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. जखम कशी झाली, हे डॉक्टरांना सांगा आणि कागद जपून ठेवा.

२. फिर्यादीत नेमकी जागा, वेळ, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आणि पाहणाऱ्यांची नावं द्या. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढं मोघम लिहू देऊ नका.

३. आरोपी तुम्हाला कसा आणि किती वर्षांपासून ओळखतो, हे लिहा.

४. सही करण्याआधी फिर्याद वाचा किंवा वाचून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

५. जातीचा दाखला तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.

६. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य मिळतं. ते एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल अशा टप्प्यांत दिलं जातं. त्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा करा.

७. धमक्या येत असतील, तर विशेष न्यायालयाकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. सरकारी वकिलाबाबत अडचण असेल, तर अनुभवी वकील नेमण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

८. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तपास रखडला, तर तिच्याकडेही दाद मागा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे १४५६६.